विजयी संघातर्फे...

आमच्याकडच्या मराठी दैनिकांच्या तालुका पानावर पावसाळ्याच्या उत्तरार्धात एक बातमी हटकून येते. अमुक ठिकाणी झालेल्या तालुका पातळीवरील आंतरशालेय खो-खो स्पर्धेत तमुक विद्यालयाच्या मुलींच्या संघाने विजेतेपद पटकावले. बक्षीस वितरण समारंभाला प्रमुख पाहुणे म्हणून हे उपस्थित होते. व्यासपीठावर ते, ते आणि ते होते. स्वागत यांनी केले, सूत्रसंचालन त्यांनी केले आणि शेवटी आणखी कोणी आभार मानले. बातमी बारा ओळींची असते. तिच्यात सात-आठ माणसांची पूर्ण नावे, त्यांच्या पदांसह, असतात. आणि गंमत अशी की, त्या सात-आठ जणांपैकी एकही जण त्या दिवशी खो-खो खेळलेला नसतो.

ज्या मुलीने तीन मिनिटे दहा सेकंद हुलकावण्या देत पाठलाग करणाऱ्यांना दमवले आणि सामना फिरवला, ती बातमीत नसते. फारच झाले तर 'विजयी संघातर्फे सर्व खेळाडूंनी चमकदार खेळ केला' असे एक वाक्य तिच्या वाट्याला येते, तेही बारा जणींत वाटून घ्यायचे. सोबत छायाचित्र असले तर त्याखाली 'विजेत्या संघासमवेत मुख्याध्यापक, क्रीडाशिक्षक व मान्यवर' असे लिहिलेले असते. छायाचित्रात पुढे गुडघ्यावर बसलेल्या, घामाने निथळलेल्या, हसणाऱ्या मुली कोण, हे फक्त त्यांच्या घरच्यांना कळते.

महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर मी गावी परतलो आणि पोटापाण्याचा उद्योग सांभाळून एका मराठी दैनिकासाठी पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतल्या शालेय क्रीडास्पर्धांच्या बातम्या पाठवू लागलो. नियतकालिकाच्या संपादकांनी 'माजी विद्यार्थी म्हणून काही अनुभव लिहा' असे कळवले, तेव्हा सांगण्यासारखा एकच अनुभव मला सुचला. शाळकरी खेळाडूचे नाव मिळवणे ही किती अवघड गोष्ट आहे, हा तो अनुभव. ज्यांनी हे काम कधी केलेले नाही त्यांना यात काय एवढे, असे वाटेल. विचारायचे आणि लिहून घ्यायचे! मलाही सांगताना ते सोपेच वाटते. म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. माहिती नसते असे नाही. गोव्यात शालेय स्पर्धा क्रीडा व युवा व्यवहार संचालनालयामार्फत होतात. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे गट असतात. संघ मैदानात उतरण्यापूर्वी शाळेला प्रवेशिका भरून द्यावी लागते. तीत प्रत्येक खेळाडूचे पूर्ण नाव, जन्मतारीख, इयत्ता वगैरे सगळे असते आणि खाली मुख्याध्यापकांची सही असते. म्हणजे वार्ताहराला हवे ते सारे त्या एका कागदावर आहे. पण तो कागद मुलगा वयाने जास्त नाही ना, एवढे पाहण्यासाठी जन्माला आलेला असतो. ते पाहून झाले की त्याचा जन्म सफल होतो आणि तो फायलीत जातो. फाईल पिशवीत, पिशवी टेबलाखाली, आणि टेबलाशी बसलेले गृहस्थ पुढच्या सामन्याची नाणेफेक करायला मैदानात. सामना संपल्यावर प्रवेशिका बघू का, असे विचारले की ते आश्चर्याने बघतात. "कशाक? वयाचो प्रॉब्लेम आसा काय?"

दुसरा कागद गुणपत्रिकेचा. कबड्डीची असो वा खो-खोची, गुणपत्रिका हा मोठा सुंदर दस्तऐवज आहे. खो-खोसारखा वरकरणी साधा खेळ, पण पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली त्याचे नियम बांधायला घेतले तेव्हापासून तो मिनिट-सेकंदांत तोलला जातो. कोण किती वेळ पळाले, कोणी कोणाला बाद केले, सगळे तिथे नोंदलेले असते. फक्त ते अंकांनी नोंदलेले असते, नावांनी नाही. सात क्रमांकाच्या खेळाडूने तीन गडी टिपले. ठीक. सात क्रमांक कोण? इथे आमच्या शाळांच्या गरिबीची गोष्ट सुरू होते. गणवेशांचा एकच संच असतो. सकाळी चौदा वर्षांखालील मुले तो घालून खेळतात, दुपारी तोच सतरा वर्षांखालील मुलांच्या अंगावर चढतो, ओला असला तरी. सकाळचा सात क्रमांक दुपारी अकरा झालेला असतो, आणि दुपारचा सात क्रमांक हा सकाळच्या सात क्रमांकाचा थोरला भाऊ असतो. एकदा तर एकाच संघात दोन दहा क्रमांक मी पाहिले. पंचांनी एकाच्या पाठीवर खडूने आडवी रेघ मारून सामना पार पाडला. पाऊस आला आणि ती रेघही गेली.

मग उरतात क्रीडाशिक्षक. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, कारण त्यांची धावपळ मी पाहतो. बहुतेक शाळांत शारीरिक शिक्षणाचे शिक्षक एकच. मुलांना बसमध्ये मोजून चढवायचे, मोजून उतरवायचे, गुडघा फुटला तर पट्टी बांधायची, वडापाव आणायचे, मुलींच्या पालकांचे फोन घ्यायचे आणि वर संघाला ओरडून सूचनाही द्यायच्या. अशा माणसाला मध्यंतरात गाठून विचारावे,

"सर, ती उजवीकडून चढाई करते ती कोण?"

"ती मरे आमची पिंकी!"

"पूर्ण नाव?"

सर थबकतात. पिंकी पाचवीत शाळेत आली तेव्हापासून ती पिंकीच आहे. तिची पायातली चपळाई, तिचा डावा कमकुवत घोटा, तिची परीक्षेतली गणिताची भीती, हे सगळे सरांना ठाऊक आहे. हजेरीपटावरचे नाव तेवढे आठवत नाही. "वर्गशिक्षिकेक विचारून सांगतां" असे म्हणून ते जातात आणि मध्यंतर संपते. संध्याकाळी फोन करावा तर ते मुलांना घरोघर सोडत कुठेतरी चांदेलच्या नाही तर लाटंबार्सेच्या वाटेवर असतात, जिथे फोन लागला तरी आवाज तुटत येतो. आणि इकडे उपसंपादक पान लावायला बसलेले असतात.

समजा, नावे मिळाली. तरी खरी परीक्षा पुढेच आहे. कागदावर लिहून येते 'आर. नाईक, एस. नाईक, आर. परब, व्ही. गावडे, आर. नाईक'. दोन आर. नाईक कोण कोण? मोरजीकडचा संघ असला की शेटगावकर किती निघतील सांगता येत नाही. मांद्र्याकडे मांद्रेकर, हरमलला हरमलकर. एका संघात पाच जण एकाच आडनावाचे, त्यांतले दोघे चुलतभाऊ आणि दोघांचीही आद्याक्षरे एकच, असे झालेले मी पाहिले आहे. अशा वेळी वडिलांचे नाव घातल्याशिवाय कोण चमकले ते वाड्यावरही कळणार नाही. पण वडिलांचे नाव घातले की ओळ वाढते, आणि ओळ वाढली की बातमी खालून कापली जाते.

इथे मला आपल्या महाविद्यालयाच्या कन्नड विभागातला माझा एक मित्र आठवतो. तो बैलहोंगलकडचा. तोही तिकडे एका कन्नड पत्रासाठी असेच काम करतो. त्याची अडचण आमच्यापेक्षा निराळी. त्याच्याकडे नावाच्या आधी दोन-दोन आद्याक्षरे येतात. कधी गावाचे आणि वडिलांचे, कधी नुसते वडिलांचे, कधी घराण्याचे. कोणते अक्षर कशाचे हे ज्याचे त्याला ठाऊक. तो म्हणतो, "तुम्हाला आडनावांचा पूर, आम्हाला आद्याक्षरांचा." आम्ही दोघे एकमेकांना फार उपयोगी पडतो. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपासच्या शाळांतून कर्नाटकातून आलेल्या कुटुंबांची मुले पुष्कळ. ती कबड्डीत हटकून पुढे असतात. त्यांची नावे शाळेच्या कागदावर इंग्रजीत कशीबशी उतरलेली असतात. मी ती फोनवरून मित्राला वाचून दाखवतो आणि तो पलीकडून सांगतो, "यल्लमा नव्हे रे, यल्लम्मा. म ला म जोड. देवीचे नाव आहे ते." मुलीच्या नावातला एक अर्धा म कर्नाटकातून फोनवरून यावा लागतो आणि तो आला की मला त्या दिवशी काहीतरी काम झाल्यासारखे वाटते.

इंग्रजीतून मराठीत नाव उतरवणे हे तर आमच्या गोव्याचे जुनेच दुखणे आहे. पेडणे महाल १७८८ साली पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला, डिचोली त्याच्या थोडी आधी. १९६१ साली गोवा मुक्त होईपर्यंत कागदोपत्री सगळी नावे रोमी लिपीत आणि पोर्तुगीज वळणाने लिहिली गेली. पेडण्याचे पेर्नेम झाले, डिचोलीचे बिचोलिम, साखळीचे सांकेलिम आणि हरमलचे आरंबोल. ही गावांची गत, तर माणसांची काय कथा! परबांचे पोरोब झाले, नाइकांच्या शेवटी क्यू-यू-ई आले आणि शेट मंडळींच्या आरंभी एक्स येऊन बसला. घरातल्या जुन्या कागदावर एक, जन्मदाखल्यावर दुसरे आणि शाळेच्या पटावर तिसरे, अशा तीन तऱ्हांनी एकच आडनाव लिहिलेले असते. आता माध्यमिक शाळा बहुतेक इंग्रजी माध्यमाच्या आहेत, तेव्हा यादीही इंग्रजीतच येते, आणि इंग्रजीत ळ नाही, ण नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही. हल्ली तर ती व्हॉट्सअ‍ॅपवर येते आणि संगणक एका क्षणात तिचे मराठी करून देतो. संगणकाला मयें गाव कुठे आहे ते माहीत नसते.

या संगणकापायी घडलेली एक गोष्ट सांगतो. डिचोली तालुक्यातल्या एका मुलाने कबड्डीच्या अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईत तीन गडी टिपले आणि हातचा गेलेला सामना शाळेला मिळवून दिला. त्याचे आडनाव मळीक. आमच्या भागातले हे अगदी ओळखीचे आडनाव. मी मळीक असेच लिहून पाठवले होते. पण कचेरीत कोणी तरी शाळेकडून आलेली इंग्रजी यादी संगणकात घातली, आणि सकाळी छापून आले ते मलिक. दोनच दिवसांनी मुलाचे वडील मला बाजारात भेटले. पूर्वी ते खाणीवर ट्रक चालवीत. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा ट्रक दारात उभा राहिला. मध्यंतरी थोडा चालला आणि २०१८ साली पुन्हा थांबला, तेव्हा त्यांनी तो विकून टाकला. माणूस रागावलेला नव्हता. त्यांनी खिशातून घडी घातलेले कात्रण काढले, माझ्यापुढे धरले आणि म्हणाले, "भुरग्याचो खेळ तुमी बरो बरयला. पूण भुरगो दुसऱ्याचो केलो."

दुसऱ्या आठवड्यात आतल्या पानावर दोन ओळींचे शुद्धिपत्र आले. ते कात्रणही त्यांनी कापून ठेवले असणार. पण शुद्धिपत्र कोणी चौकटीत बसवून भिंतीवर लावत नाही.

तेव्हापासून हा सगळा खटाटोप कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर मला शोधावे लागले नाही. आमच्या घराघरांत एक पत्र्याची पेटी असते. तिच्यात जमिनीचे कागद, सोन्याच्या पावत्या, जन्मदाखले आणि असले एखादे कात्रण एकत्र ठेवलेले असते. पुढे मुलगा खेळो न खेळो. बहुतेक खेळत नाहीत. दहावीनंतर कोणी मोपाच्या विमानतळावर कामाला लागतो, कोणी दुकानात बसतो, मुलींची लग्ने होतात. त्या एका पावसाळ्यात आपण तालुक्यात चांगले होतो, याचा छापील पुरावा म्हणजे ते कात्रण. त्यावर नाव नसेल, किंवा भलत्याचेच असेल, तर पेटीत ठेवायचे काय?

आणि नाव छापून येण्याची ओढ थोरामोठ्यांनाही चुकलेली नाही. सचिन तेंडुलकर यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलेला किस्सा आहे. त्यांच्या लहानपणी मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये तीस धावा केल्या तरच वर्तमानपत्रात नाव येई. एका सामन्यात त्यांच्या चोवीसच झाल्या. धावलेखकाने अवांतरातल्या सहा धावा त्यांच्या नावावर मांडून दिल्या. संघाची एकूण धावसंख्या तर बदलत नव्हती! दुसऱ्या दिवशी नाव छापून आले आणि रमाकांत आचरेकर सर संतापले. जे केलेले नाही ते आपल्या नावावर कसे लिहू दिलेस, हा त्यांचा सवाल होता. या किश्श्यात लोकांना गुरूची शिस्त दिसते. मला तीत आणखी एक गोष्ट दिसते. त्या शहरात शाळकरी मुलांच्या सामन्यालाही धावलेखक होता, वही होती, आणि त्या वहीतली नावे वर्तमानपत्राच्या कचेरीपर्यंत पोहोचवण्याची रीत होती. म्हणूनच फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमच्या दोन मुलांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली, तेव्हा विनोद कांबळी नाबाद ३४९ आणि सचिन तेंडुलकर नाबाद ३२६ हे आकडे नावांसह जगभर गेले. वहीत 'दोन फलंदाज' एवढेच लिहिलेले असते, तर?

आता म्हणाल, ती मुंबई आणि ते क्रिकेट. खरे आहे. पण आपल्या खेळांचीही आता ती गत राहिलेली नाही. प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली. चढाईपटूची प्रत्येक चढाई, प्रत्येक पकड आता दूरदर्शनच्या पडद्यावर आकड्यांत दिसते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताच्या पुरुष व महिला दोन्ही संघांनी ती जिंकली. त्या मुलींची नावे आमच्या कोरगावच्या, धारगळच्या मुलींना तोंडपाठ आहेत. २०२३ साली सदतिसाव्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यातच झाल्या, तेव्हा देशभरच्या खेळाडूंची माहिती बोटाच्या टोकावर होती. म्हणजे शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर भरपूर उजेड आहे, आणि जिथून पाय टाकायचा त्या पहिल्या पायरीवर मात्र कोण उभे आहे ते दिसत नाही.

इतके सगळे लिहून झाल्यावर कोणाला वाटेल की, नाव छापणे हाच माझा धर्म झाला आहे. तसे नाही. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गावच्या मैदानावर मुलींची कबड्डी चालली होती. एक सडपातळ मुलगी दर चढाईत गुण घेऊन परत येत होती. लोण दोनदा चढला, दोन्ही वेळा तिच्यामुळे. सामना संपल्यावर मी वही घेऊन गेलो. बाकीच्या मुली माझ्याभोवती जमल्या, "पेपरार नांव येतलें?" असे विचारू लागल्या, एकीने तर आपल्या आडनावाची वेलांटी दीर्घ आहे हे दोनदा बजावले. ही मुलगी मात्र मागे राहिली. सगळ्या गेल्यावर हळूच जवळ आली आणि म्हणाली, "सर, म्हजें नांव घालूं नाकात." मी कारण विचारले नाही. तिनेच सांगितले. ती अर्धी चड्डी घालून खेळते हे घरी ठाऊक नव्हते. आजीला कळले तर उद्यापासून मैदान बंद.

संध्याकाळी मी बातमी लिहिली. इतर सहा जणींची नावे लिहिली आणि तिच्याविषयी 'संघाच्या एका चढाईपटूने दोन्ही डावांत निर्णायक गुण मिळवले' एवढेच लिहिले. कचेरीतून फोन आला, "एका म्हणजे कोणत्या? नाव मिळाले नाही का?" मी म्हटले, "मिळाले आहे. द्यायचे नाही." पलीकडे क्षणभर शांतता पसरली. नाव मिळाले नाही असे सांगणारे वार्ताहर त्यांना पुष्कळ भेटले असतील. मिळूनही न देणारा बहुधा पहिलाच असावा. तिचे नाव माझ्या वहीत आहे. छापलेले कुठेच नाही.

त्या दिवसापासून मला एक फरक कळू लागला. आळसाने किंवा बेफिकिरीने नाव गळणे वेगळे आणि ज्याचे नाव त्याच्या इच्छेने ते मागे ठेवणे वेगळे. दोन्ही बातम्या छापल्यावर सारख्याच दिसतात, पण त्या सारख्या नसतात. हल्ली काही शाळांत नावे मागितली की, "आता कायदा आला आहे, मुलांची माहिती देता येत नाही" असे उत्तर मिळते. कायदा आला आहे हे खरे. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. त्यात अठरा वर्षांखालील सर्वांना बालक धरले आहे आणि बालकाची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. मुलांच्या बाबतीत ही काळजी मला योग्यच वाटते. पण ज्या शाळेने मला हे उत्तर दिले, तिने त्याच संध्याकाळी विजेत्या संघाचे मोठे छायाचित्र आपल्या फेसबुक पानावर टाकले होते! त्याखाली नावे होती, ती अर्थात संस्थेच्या पदाधिकाऱ्यांची.

अमेरिकेने हा पेच निराळ्या रीतीने सोडवला. तिथे १९७४ साली विद्यार्थ्यांच्या शालेय नोंदी गुप्त ठेवण्याचा कायदा झाला. गुण, शिस्तीच्या नोंदी वगैरे पालकांच्या लेखी संमतीशिवाय बाहेर द्यायच्या नाहीत. मात्र काही माहिती त्या कायद्याने उघड देण्याजोगी म्हणून बाजूला काढली. विद्यार्थ्याचे नाव, शाळेच्या अधिकृत खेळांतला त्याचा सहभाग, आणि तो संघात असेल तर त्याची उंची आणि वजनसुद्धा! अट एकच. अशी माहिती आम्ही देणार आहोत हे शाळेने पालकांना आधी कळवायचे, आणि ज्याला नको असेल त्याला नको म्हणायला अवधी द्यायचा. उंची-वजनाची आपल्याला गरज नाही. पण शाळा सुरू होताना पालकांकडून ज्या दहा कागदांवर सह्या घेतल्या जातात, त्यांत 'पाल्य संघात खेळल्यास नाव वर्तमानपत्रात देण्यास हरकत आहे / नाही' अशी एक ओळ घालायला काय अडचण आहे? मुख्याध्यापकांची धास्ती जाईल, पालकांना विचारल्याचा मान मिळेल आणि वार्ताहराला पिशवीतली फाईल शोधावी लागणार नाही.

ते होईल तेव्हा होवो. तोवर मी माझी एक पद्धत बसवली आहे. सामन्याच्या अर्धा तास आधी मी मैदानावर पोहोचतो. पेडण्याहून डिचोलीला जायचे तर कोलवाळ, थिवी, अस्नोडा असा बार्देशातून वळसा पडतो, तेव्हा घरून लवकर निघावे लागते. क्रीडाशिक्षकांना नमस्कार करतो, त्यांची परवानगी घेतो आणि त्यांना त्रास न देता वही सरळ संघाच्या कप्तानाच्या हाती देतो. प्रत्येकाने आपले पूर्ण नाव आपल्या हाताने देवनागरीत लिहायचे, पुढे आजचा क्रमांक लिहायचा, आणि पेपरात नाव नको असेल तर नावापुढे फुली मारायची. कोणी फुली का मारली हे विचारायचे नाही. वही फिरते. मुले एकमेकांच्या खांद्यावरून डोकावतात. कोणी आपल्या नावातल्या ऱ्हस्व-दीर्घाशी अडखळतो आणि शेजाऱ्याला विचारतो. कोणी नावाच्या शेवटी सहीसारखी झोकदार रेघ ओढतो. पाऊस असला तर पान भिजते, शाई पसरते, पण बारा नावे बारा हस्ताक्षरांत माझ्या हाती येतात. शाळेच्या कोणत्याही कागदापेक्षा ती यादी अधिक खरी असते, कारण आपले नाव कसे लिहायचे हे ज्याचे त्याने सांगितलेले असते.

बातमी लिहिण्याचीही एक युक्ती सापडली. जागा कमी पडली की उपसंपादकाची कात्री खालून चालते, हा वर्तमानपत्राचा जुना नियम. पूर्वीच्या रीतीने खेळाडूंची नावे शेवटी येत, आणि म्हणून तीच आधी जात. मी आता दुसऱ्याच वाक्यात नावे घालतो. निकाल, खेळाडू, सामन्याचे वळण, आणि मग समारंभ. यामुळे एक-दोनदा रागाचे फोन आले. एका गृहस्थांनी विचारले, "प्रमुख पाहुण्यांचे नाव सर्वांत शेवटी? असे कुठे असते काय?" मी नम्रपणे म्हटले, "साहेब, समारंभही शेवटीच झाला." ते हसले, असे मला आपले वाटते. फोनवर नक्की कळत नाही.

आपल्या महाविद्यालयातून दर वर्षी बाहेर पडणाऱ्यांपैकी कित्येक जण शिक्षक होतात, मराठी शाळांत तसेच कन्नड शाळांत. काही जण माझ्यासारखे गावच्या बातम्या पाठवू लागतील. त्यांच्यासाठी हे सगळे लिहिले. आपण शिक्षक झालात तर संघ मैदानाकडे निघण्यापूर्वी बारा नावे एका कागदावर मुलांच्याच हाताने लिहवून घ्या आणि कागद खिशात ठेवा. ज्यांना नाव नको त्यांची इच्छा जपा. आपण वार्ताहर झालात तर तो कागद मागितल्याशिवाय मैदान सोडू नका, आणि त्यातला अर्धा म, त्यातला ळ कचेरीपर्यंत जसाच्या तसा पोहोचवा. एवढे झाले तर बारा ओळींच्या त्या बातमीत सर्वांची सोय होईल. आभार मानणाऱ्यांनाही शेवटची ओळ उरेल. त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही.